वाशीमच्या बांधावरील शाळा

शेतकी शिकवावयाची म्हणजे काय करावयाचे, हा प्रश्न शहरात राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबास काहीसा चमत्कारिक वाटेल. सुताराचा मुलगा बापाजवळ बसून रंधा धरावयास शिकतो. कुणब्याचा मुलगा तिफणीमागे चालता चालता पेरणी शिकतो. वाफसा केव्हा आला, बी किती खोल पडले पाहिजे, डवरा केव्हा हाकावा आणि केव्हा थांबवावा, या गोष्टी त्यास कोणी फळ्यावर लिहून दाखवीत नाही. असे असता त्यास शिकविण्यासाठी सरकारने माणसे नेमावी, त्या माणसांस शिकविण्यासाठी आणखी माणसे नेमावी आणि या सर्वांसाठी संस्था उभाराव्या, हा खटाटोप कशासाठी? वाशीम जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते. परंतु त्याबरोबरच आणखी एक गोष्ट ध्यानात येते. इतर शाळांत धडा चुकला तर फार झाले तर एक परीक्षा बुडते. शेतकीच्या शाळेत गुरूचा धडा चुकला, तर गुरूचे वेतन चालू राहते आणि शिष्याचे वर्ष बुडते. ज्या ज्या काळी शिकविणाऱ्यांनी ही गोष्ट ओळखली, त्या त्या काळी त्यांची विद्या या मातीत रुजली. ज्या काळी ते ही गोष्ट विसरले, त्या काळी ती कागदावरच राहिली.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. वऱ्हाडचे पूर्वीपासून दोन भाग मानले जात. पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट आणि खोल काळ्या जमिनीचा तो पायनघाट, व त्याच्या दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेला तो बालाघाट. वाशीम या बालाघाटात येते. काटेपूर्णा, अडाण आणि अरुणावती या नद्यांचा उगम याच भागात आहे आणि दक्षिणेकडून पैनगंगा वाहते. तथापि नद्यांच्या या माहेरी पाणी फारसे थांबत नाही, आणि बहुतेक शेती पावसाच्या भरवशावरच करावी लागते. जमीनही एकसारखी नाही. एकाच गावात नाल्याकाठी भारी काळी जमीन, मधल्या पट्ट्यात मध्यम, आणि माळावर मुरमाड बरड, असा प्रकार आढळतो. नाल्याकाठच्या शेतास जो उपदेश अमृताप्रमाणे लागू पडतो, तोच माळावरच्या शेतास विषासारखा ठरू शकतो. इंग्रजी अमदानीत वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा तो मोडून त्याचा मोठा भाग अकोला जिल्ह्यास जोडण्यात आला; पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा जिल्हा पुन्हा निर्माण झाला.

या भागास शेतकीचा पहिला सरकारी धडा मिळाला तो कापसाचा, आणि तो देणाऱ्यांची नजर वऱ्हाडपेक्षा मँचेस्टरकडे अधिक होती. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. मध्यप्रांत व वऱ्हाड यांच्यासाठी कापसाचा स्वतंत्र कमिशनर नेमण्यात आला; रिव्हेट-कार्नॅक हे त्यांचे नाव. विलायती गिरण्यांस लांब आणि तलम धागा हवा होता, आणि तो हिंगणघाटकडील बणी जातीचा होता. म्हणून हिंगणघाटी सरकी वऱ्हाडात आणून तिचा प्रसार करण्याचे प्रयत्न झाले. वऱ्हाडचा शेतकरी मात्र आपली आखूड धाग्याची जरी पेरीतच राहिला.

साहेब लोकांनी यास अडाणीपणा म्हटले, हट्ट म्हटले, लबाडी म्हटले. वास्तविक शेतकऱ्याचा हिशेब सरळ होता. जरी लवकर तयार होई, एकरी कापूस अधिक देई आणि सरकी काढल्यावर रुईचा उताराही तिचाच अधिक पडे. बणीचा धागा तलम होता खरा. परंतु त्या तलमपणाबद्दल बाजारात जो जादा भाव मिळे, त्याने उत्पन्नातील तूट भरून निघत नसे. आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे या बाजाराचे मोठे ठाणे होते. हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमाने १८८६ साली येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि हिंदुस्थानातील अशा प्रकारचा हा पहिला बाजार म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. ज्या शेतकऱ्यास या बाजारात दरसाल गाडी उभी करावी लागे, त्यास कोणत्या जातीत दोन पैसे सुटतात हे कमिशनरापेक्षा अधिक कळत होते, यात नवल ते काय?

याच सुमारास शेतकी सुधारणेचा विचार दुसऱ्या एका वाटेनेही सुरू झाला होता. ती वाट दुष्काळाची. १८८० च्या दुष्काळ कमिशनने प्रत्येक प्रांतात शेतकी खाते असावे अशी शिफारस केली, आणि थोड्याच वर्षांत मध्यप्रांतात असे खाते निघाले. महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्यांच्या मुलांस विद्या मिळाली पाहिजे, अशी मागणी कळकळीने मांडली. १८८९ साली विलायतेतील रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. व्होल्कर यांस हिंदी शेतीची पाहणी करण्यासाठी बोलाविण्यात आले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने अनेकांची समजूत पालटली. हिंदी शेतकरी हा मागासलेला आहे असे सरसकट मानणे चूक आहे, पुष्कळ बाबतींत तो विलायती शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, आणि त्याची उणीव ज्ञानापेक्षा साधनांची अधिक आहे, असा त्या अहवालाचा रोख होता. वऱ्हाडचेच उदाहरण घ्यावयाचे तर, येथील शेतकरी दरसाल नांगरट करीत नाही हे पाहून परक्या माणसास तो आळशी वाटे. परंतु उन्हाळ्यात आपोआप भेगाळून उकलणाऱ्या काळ्या जमिनीस वखराच्या पाळ्या पुरतात, हे त्यास पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते. नांगर लागे तो कुंदा आणि हरळी माजली म्हणजे.

एवढे असूनही बापजाद्यांची विद्या पुरी पडत नव्हती, हेही तितकेच खरे. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनी ते क्रूरपणे दाखवून दिले. नवीन रोग, नवीन बाजार आणि नवीन बी यांचा अनुभव बापास नसेल, तर तो मुलास कोठून देणार? शास्त्राची गरज येथे उत्पन्न होते. १९०६ साली नागपूर येथे कृषी महाविद्यालय निघाले, आणि त्याच सुमारास अकोल्याच्या सरकारी प्रयोगक्षेत्रावर कापसाचे काम सुरू झाले.

तेथील कामात डॉ. क्लाऊस्टन या अधिकाऱ्याने जे केले, ते या इतिहासातील मोठे वळण होय. बाहेरून श्रेष्ठ जात आणून ती शेतकऱ्याच्या गळी उतरविण्याचा नाद त्यांनी सोडला. शेतकरी जी जरी पेरीत होता ती वास्तविक अनेक जातींची भेसळ होती. त्या भेसळीतील एकेक जात वेगळी काढून, वाढवून, तिचे उत्पन्न आणि रुईचा उतारा मोजण्यात आला. तेव्हा असे आढळले की, रोझियम नावाची आखूड धाग्याचीच एक जात एकरी सर्वांत अधिक पैसा मिळवून देते आणि मर रोगासही दाद देत नाही. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षे ज्या निवडीबद्दल शेतकऱ्यास दूषण दिले जात होते, तीच निवड तराजूवर खरी ठरली. प्रयोगक्षेत्रावर शुद्ध बी तयार करावयाचे, ते निवडक शेतकऱ्यांच्या शेतांवर देखरेखीखाली वाढवावयाचे, आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी ते त्यांच्याकडून विकत घ्यावयाचे, अशी पद्धत पाडण्यात आली. रोझियम वऱ्हाडात झपाट्याने पसरली. व्याख्यानांनी जे साधले नव्हते, ते शेजाऱ्याच्या शेतातील बोंडांनी साधले.

अर्थात हाही धडा कायमचा नव्हता. आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपान होते. १९३३ साली जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला, तेव्हा शेतकी खात्यास अधिक लांब धाग्याच्या व्हेरम जातीकडे वळावे लागले. शेतकीत बरोबर उत्तर असे एकदाच सापडत नाही. बाजार आणि पाऊस दोघेही प्रश्नपत्रिका बदलीत असतात. तत्पूर्वी १९२८ साली लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेतकी कमिशनने आपला अहवाल सादर केला होता. सरकारी शेतावरील प्रात्यक्षिकापेक्षा शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतावरील प्रात्यक्षिक अधिक उपयोगी, असा त्याचा निष्कर्ष होता. सरकारी शेतावर खत, मजूर आणि पैसा सरकारचा असतो. तेथे पीक चांगले आले तर पाहणारा मान डोलावतो आणि घरी जाऊन पूर्वीप्रमाणेच पेरतो.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे स्वरूप फार मोठे झाले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना आणि त्यानंतर बरोबर एका वर्षाने राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. एका विकास गटात सुमारे १०० गावे आणि त्यांच्यासाठी सुमारे १० ग्रामसेवक, अशी मांडणी होती. या ग्रामसेवकाने शेती सांगावयाची, गुरांची काळजी सांगावयाची, आरोग्य, साक्षरता, सहकार, सर्व काही सांगावयाचे. त्यास तयार करण्यासाठी देशभर प्रशिक्षण केंद्रे निघाली. आरंभी शिक्षणक्रम केवळ सहा महिन्यांचा होता. तो अपुरा आहे हे अनुभवाने कळल्यावर पुढे दोन वर्षांपर्यंत वाढविण्यात आला. या सर्व काळात, १९५२ पासून १९६२ पर्यंत, केंद्रात शेतकी खाते सांभाळणारे मंत्री वऱ्हाडचेच डॉ. पंजाबराव देशमुख होते. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास स्थापन झाले, आणि वाशीमच्या शेतकऱ्यास संशोधनाचे घर फार लांब राहिले नाही.

ग्रामसेवक तरुण होता, उत्साही होता. पण दहा गावांत दहा विषय सांगणारा माणूस एकाही विषयात खोल जाऊ शकत नाही, आणि शेतकऱ्याचा प्रश्न वर नेऊन त्याचे उत्तर खाली आणण्याची सोय त्याच्याजवळ नव्हती. या बाबतीत नभोवाणीचा एक प्रयोग स्मरणीय आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पश्चिम महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत सुमारे १५० गावी श्रोतृमंडळे स्थापन केली. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. ऐकणाऱ्यास उलट बोलता आले की तोही शिकतो आणि बोलणाराही शिकतो, हे त्या प्रयोगाने दाखविले, आणि १९५९ पासून तो देशभर नेण्यात आला.

पुढील मोठी योजना डॅनियल बेनॉर या तज्ज्ञाच्या नावाशी निगडित आहे. ‘प्रशिक्षण आणि भेट’ हे तिचे नाव. जागतिक बँकेच्या साहाय्याने ती हिंदुस्थानात १९७४ च्या सुमारास चंबळच्या कालव्यांच्या प्रदेशात प्रथम आली आणि १९८० नंतर महाराष्ट्रात पसरली. कार्यकर्त्यावरील इतर सर्व कामे काढून घ्यावयाची, दर पंधरवड्यास त्यास एक दिवस शिकवावयाचे आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या गटातील संपर्क शेतकऱ्यांस त्याने भेटावयाचे, असा तिचा शिस्तशीर क्रम होता. कृषी सहाय्यकास यामुळे आपल्या विषयाची नियमित शिकवण मिळू लागली, हा तिचा गुण होय. पण जेथे कालव्याचे पाणी वेळेवर येते तेथे पंधरवड्याचा ठरीव संदेश चालतो. बालाघाटात मृगाचा पाऊस पंधरा दिवस लांबला, की त्या पंधरवड्याचा संदेश शिळा होतो. शिवाय संदेश वरून खाली येई, आणि नाल्याकाठच्या शेतास व माळावरच्या शेतास तो एकच असे.

याहून वेगळी कल्पना डॉ. मोहनसिंह मेहता यांच्या समितीने १९७३ साली मांडली. १९७४ साली पाँडिचेरी येथे पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. आज देशात अशी ७०० हून अधिक केंद्रे आहेत. ‘करून शिकणे’ हे त्यांचे सूत्र. वाशीम जिल्ह्यासाठी असे केंद्र रिसोड तालुक्यातील करडा या गावी असून ते सुविदे फाउंडेशन या संस्थेमार्फत चालविले जाते. अशा केंद्राचे विद्यार्थी तीन प्रकारचे असतात: शेतकरी, गावातील तरुण आणि शेतकी खात्याचे कार्यकर्ते. त्याचे खरे वैशिष्ट्य मात्र वर्गात नसून वर्गाबाहेर आहे. नवीन वाण किंवा नवीन पद्धत आधी त्या भागातील शेतकऱ्याच्या शेतावर तपासून पाहावयाची. ती तेथे टिकली तर तिचे प्रात्यक्षिक शेजारच्या शेतांवर करावयाचे. आणि नंतरच ती इतरांस शिकवावयाची, हा क्रम तेथे घालून दिलेला आहे. शाही कमिशनने जे सांगितले होते, त्यास अशा रीतीने अर्धशतकानंतर संस्थेचे रूप मिळाले.

एवढ्या संस्था असता सर्वसामान्य शेतकऱ्यास सल्ला कोण देत होते? २००३ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने याचे जे उत्तर दिले, ते डोळे उघडणारे आहे. देशातील शेकडा सुमारे ४० शेतकरी कुटुंबांसच कोणत्या ना कोणत्या मार्गाने नवीन शेतीची माहिती मिळत होती. शेकडा १७ कुटुंबांस ती पुढारलेल्या शेजाऱ्याकडून मिळे, १३ कुटुंबांस बी-बियाणे व औषधांच्या दुकानदाराकडून, आणि सरकारी विस्तार कार्यकर्त्याकडून मिळालेली कुटुंबे शेकडा ६ देखील भरत नव्हती. दुकानदाराच्या सल्ल्यात आणि त्याच्या विक्रीत अंतर राखणे कठीण असते. महागडे बी, महागडे औषध, उधारी आणि हुलकावणी देणारा पाऊस या फेऱ्यात सापडून विदर्भातील शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, तेव्हा जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्या सहा जिल्ह्यांत वाशीम होते. या दुःखाची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व शिक्षणाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. परंतु ज्याच्या जवळ एकच हंगाम शिल्लक आहे, त्यास चुकीचा सल्ला किती महाग पडतो, हे त्या वर्षांनी साऱ्या देशास दाखविले.

तोपर्यंत वाशीमच्या शेतांत कापसाची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली होती. २००८ सालच्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर स्पोडोप्टेरा अळीची धाड आली आणि पाने चाळणीसारखी झाली. यातून २००९–१० पासून महाराष्ट्रात कीड-रोग सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. ठरावीक शेतांत नियमाने जाऊन किडी मोजावयाच्या आणि नुकसानीची पातळी ओलांडली असेल तरच फवारणी सांगावयाची, असे तिचे स्वरूप होय. तिच्या जोडीस शेतीशाळा आली. ही कल्पना १९८९ साली इंडोनेशियात, भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या संकटातून निघाली. ही शाळा शेतातच भरते आणि पेरणीपासून काढणीपर्यंत चालते. वीस-पंचवीस शेतकरी झाडाजवळ उकिडवे बसतात, पाने उलटून अळ्या मोजतात, अळ्या खाणारे मित्रकीटकही मोजतात, आणि फवारावयाचे की थांबावयाचे हे स्वतः ठरवितात. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही वाशीमसह विदर्भ-मराठवाड्यातील गावांत याच शेतीशाळांचा आधार घेतला. येथे शिक्षकाचे मुख्य काम उत्तर सांगण्याचे नसून प्रश्न विचारण्याचे असते, आणि त्यासाठी त्यास आधी स्वतः एक हंगाम अशाच शाळेत बसावे लागते.

या दीर्घ इतिहासात एक विद्यार्थी मात्र बहुतेक काळ वर्गाबाहेरच राहिला. चाड्यावर मूठ धरणारी, निंदण करणारी, कापूस वेचणारी आणि पुढील वर्षाचे बी राखेत घोळून मडक्यात जपणारी स्त्री ही वऱ्हाडच्या शेतीचा अर्ध्याहून अधिक भार वाहते. ग्रामसेवकाच्या जोडीस ग्रामसेविका आली, पण तिचा शिक्षणक्रम मुख्यतः गृहविज्ञानाचा होता. शेतकीचा धडा घरातील पुरुषास आणि स्वयंपाकाचा स्त्रीस, अशी वाटणी झाली. अळी प्रथम कोणाच्या दृष्टीस पडते? जी दिवसभर ओळीत वाकून निंदते तिच्या. महिलांच्या वेगळ्या शेतीशाळा भरू लागल्या आहेत, ही गोष्ट उशिरा झाली असली तरी इष्ट आहे.

कापूस कमिशनरापासून शेतीशाळेपर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे शिकविणाऱ्यास शिकविण्याची गरज का पडते, हे सहज समजते. वाण, कीड, पाऊस आणि भाव यांपैकी काहीही स्थिर नाही. म्हणून कालच्या पाठावर आज नोकरी करणारा कार्यकर्ता हा शेतकऱ्यास मदतीपेक्षा धोकाच अधिक. त्याच्या शिक्षणाची परीक्षा प्रमाणपत्रावर होत नाही. करड्यासारख्या केंद्राच्या प्रात्यक्षिकात एकाच शेतकऱ्याच्या रानात जुन्या आणि नव्या पद्धतीचे तुकडे शेजारी शेजारी ठेवतात. दिवाळीच्या आधी सोयाबीन काढणीस येते, दोन्ही तुकड्यांची मळणी वेगळी होते, आणि शेजारीपाजारी तराजूभोवती जमतात. त्या वेळी कृषी सहाय्यकही तेथे उभा असला पाहिजे. पेरणीच्या दिवशी जो शिकवावयास आला होता, तो मळणीच्या दिवशी मोजावयास आला, की पुढील वर्षी त्याचे म्हणणे गाव ऐकून घेते.